गणिताच्या बाईंच्या दोन पट्ट्या

मानवतच्या एका जिनिंगचा भोंगा रोज तीन मिनिटं उशिरा वाजतो, असं पत्र आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी एकदा जिनिंगच्या मालकांना लिहिलं होतं. बाई सकाळच्या बातम्यांवर घड्याळ लावत. महिनाभर त्यांनी भोंग्याची वेळ टिपून ठेवली आणि तो तक्ता पत्राला जोडला. पत्राचं उत्तर आलं नाही, पण भोंगा वेळेवर वाजायला लागला. मी शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात शिपायानं मला ही गोष्ट सांगितली. सांगताना त्यानं आवाज खाली घेतला होता.

मुलींची शाळा होती. मी मराठी शिकवायची आणि वयानं सगळ्यांत लहान होते. बाई पंचावन्नच्या पुढच्या. उंच, हाडकुळ्या, कायम पांढऱ्या सुती पातळात. घड्याळ पुरुषी, मोठ्या तबकडीचं, मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. परकराला आतून एक खिसा शिवून घेतलेला होता. त्यात खडूचे तुकडे, किल्ल्या आणि एक छोटा पेचकस असे. सायकलवरून शाळेत येत. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, हे त्यांना विचारण्याची गावात कुणाची हिंमत नव्हती, कारण बाईंना काही विचारायला गेलं की त्या उलट विचारत, "सबब?"

हा त्यांचा शब्द. पहिल्या काही यत्ता त्या उर्दूतून शिकल्या होत्या. तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. पुढं सगळं मराठी झालं, पण बाईंच्या बोलण्यात ते शब्द राहून गेले. शून्याला त्या सिफर म्हणत आणि संतापल्या की आकडे उर्दूत मोजत. "बाई, काल आले न्हाई," असं मुलगी म्हणाली की, "सबब?" मुख्याध्यापिका म्हणाल्या, उद्या शाळा अर्धा दिवस, तर, "सबब?" विचारण्यात राग नसे, उपरोध नसे. कारण पटलं तर त्या लगेच मान हलवून पुढं जात. न पटलं तर मात्र तिथंच उभ्या राहत.

हजेरी त्या आकड्यांनी घेत. नाव नाही, आडनाव नाही. "बावीस, फळ्याकडं ये." मुलींना ते कोरडं वाटे. मलाही वाटे. पुढं बऱ्याच वर्षांनी बौद्ध वस्तीतली एक जुनी विद्यार्थिनी मला परभणीच्या स्टँडवर भेटली. म्हणाली, "मॅडम, बाकीच्या तासाला आडनाव वाचलं की पोरी मागं वळून बघायच्या. बाईंच्या तासाला मी नुसती बावीस." बाईंनी हे जाणून केलं होतं का, ते मला सांगता येणार नाही. आमचं त्यावर कधी बोलणं झालं नाही.

शाळेत कॉम्प्युटर आला तो मानवतच्याच, पण परदेशी स्थायिक झालेल्या एका गृहस्थांकडून. त्यांनी तो संस्थेला भेट दिला आणि संस्थेनं शाळेत ठेवला. एका खोलीला पडदे लावले, चपला बाहेर काढायचा नियम झाला, मशीनवर मखमली झाकण आलं. पहिलं वर्षभर रोज त्याच्यापुढं उदबत्ती लावली जाई आणि कुणी त्याला हात लावत नसे. किल्ली मुख्याध्यापिकांकडं. बाईंनी एक दिवस किल्ली मागितली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बिघडलं तर?" बाई म्हणाल्या, "झाकून ठेवलं तर चालतं हाय हे तरी कसं कळंल?" किल्ली मिळाली.

मशीनसोबत आलेली इंग्रजी पुस्तकं बाईंनी शब्दकोश घेऊन वाचून काढली. सहा महिन्यांत नववीच्या मुली त्याच्यावर वर्तुळं काढायला आणि वर्गमुळं सोडवायला लागल्या. चार-चारच्या गटानं, घड्याळ लावून. मी कधीकधी मागं उभी राहून बघत असे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण एरवी मान वर न करणाऱ्या मुली तिथं एकमेकींशी वाद घालत असत, तेवढं दिसत होतं.

त्या वर्षी डिसेंबरात संस्थेचे अध्यक्ष शाळेत आले. कापसाचे मोठे व्यापारी, स्वभावानं मोकळे, हसरे. सोबत त्यांचा पुतण्या होता, पुण्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून नुकताच आलेला.

"पोरी काय करत्यात याच्यावर?" अध्यक्षांनी विचारलं.

"गणित," बाई म्हणाल्या.

पुतण्यानं मशीन चालू करून दोन-चार बटणं दाबली. "काका, हे आता जुनं झालं. नवं काहीच चालणार न्हाई याच्यावर. आपल्या पेढीवर पत्रं टाइप करायला बरं हाय."

"काय चालणार न्हाई?" बाईंनी विचारलं.

"नवे प्रोग्रॅम लय जड असतात, बाई."

"एक जड आणून दे. बघू."

पोरगा हसला. त्याच्याजवळ चार फ्लॉपींवर विमान चालवण्याचा एक खेळ होता, पुण्यातल्या मित्राकडून आणलेला. म्हणाला, याच्यापेक्षा जड दुसरं काही नाही. त्यानं तिथंच तो मशीनमध्ये घातला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, मेमरी पुरेशी नाही. अध्यक्ष म्हणाले, "बघा. आता काय म्हणता?"

"मला वेळ द्या," बाई म्हणाल्या.

"घ्या की. सव्वीस जानेवारीला झेंड्याला येतो मी. विमान उडालं तर मशीन पोरींपाशीच ऱ्हाईल. न्हाई उडालं तर पेढीवर नेतो."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीच्या कोपऱ्यात ती अट लिहून घेतली. मे महिन्यात त्या निवृत्त व्हायच्या होत्या. आपण गेल्यावर मशीन पुन्हा मखमलीखाली जाईल याची त्यांना काळजी होती, हे मला माहीत होतं. आता तर ते खोलीतूनच जायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात फळ्यावर चौकोनच चौकोन दिसले. सहाशे चाळीस. मुलींकडून काढून घेतलेले.

"डिस्क म्हंजे कपाट," बाई सांगत होत्या. "मेमरी म्हंजे टेबल. काम टेबलावर व्हतं. कपाट केवढंबी असू द्या, टेबलावर जागा न्हाई तर नकाशा उलगडता येत न्हाई. आपलं टेबल सहाशे चाळीस चौकोनांचं. खेळाला पाचशे नव्वद मोकळे लागतात. आपल्यापाशी पाचशे पंचवीस हायेत. बाकीचे कुणी अडवलेत?"

अडवणारे सापडले ते मशीन सुरू होताना आपोआप वाचलं जाणाऱ्या एका यादीत. तिच्यात अकरा ओळी होत्या. प्रत्येक ओळ एकेका मदतनीस प्रोग्रॅमला बोलावून टेबलावर बसवत असे, आणि मग तो मशीन बंद होईपर्यंत उठत नसे. बाईंनी ती यादी वहीत उतरवली आणि एकेका ओळीला विचारायला बसल्या. ही माऊससाठी. आपल्याकडं माऊस हाय? न्हाई. मग सबब? ही दुसऱ्या कुठल्यातरी देशाच्या कीबोर्डसाठी. सबब? जिचं कारण मिळेना तिच्याआधी त्या तीन इंग्रजी अक्षरं टाइप करत, मग मशीन ती ओळ सोडून पुढं जाई. पुसून टाकत नव्हत्या. "चूक झाली तर परत बोलवता आलं पायजे," म्हणायच्या. संध्याकाळी पाचशे बहात्तर चौकोन मोकळे झाले. अठरा कमी पडत होते.

त्याहून मोठी अडचण दुसरी होती. या चौकोनांशिवाय खेळाला एकूण दोन मेगाबाइट मेमरी लागत होती आणि आमच्या मशीनमध्ये एकच होती. जास्तीची मेमरी बसवली असती तर मशीनची मूळ यंत्रणाही टेबलावरून उचलून वरच्या जागेत ठेवता येणार होती, म्हणजे अठरा चौकोनांचा प्रश्नही सुटत होता. पण त्यासाठी मेमरीच्या पट्ट्या हव्या होत्या. परभणीत चौकशी केली, मिळाल्या नाहीत. कुणीतरी सांगितलं, हैदराबादला मिळतील.

त्याच दिवसांत संक्रांत आली आणि विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. सोळा वर्षं तो विषय सगळ्यांच्या घरात होता. आमच्या शिक्षकखोलीतही होता, पण चित्रकलेचे सर आत आले की बोलणं थांबत असे. ते बौद्ध होते. एकदा असंच सगळे गप्प झाले तेव्हा बाईंनी वहीतून डोकं वर काढलं. "आत्ता बोलायलते ना? थांबवलं का? सबब?" सरांनी चहा ओतून घेतला आणि बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

निर्णयानंतर गावात बंदोबस्त लागला, शाळा चार दिवस बंद, एसटी बंद. बाई सकाळीच माझ्या खोलीवर आल्या.

"रेल्वे चालू हाय. हैदराबादला चल माझ्यासंगं."

"आत्ता? बाई, लोक घराबाहेर पडेनात."

"शाळेला सुट्टी हाय. परत सुट्टी कधी मिळंल?"

आम्ही टांग्यानं मानवत रोड स्टेशनवर गाडी धरायला निघालो. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. पुलाजवळ पोलिसांची गाडी उभी होती. हवालदारानं टांगा थांबवून कुठं चाललात विचारलं. बाई म्हणाल्या, "मेमरी आणायला." त्यानं आमच्याकडं बघितलं आणि जाऊ दिलं.

हैदराबादला एका गल्लीत, रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानांत, एका म्हाताऱ्या दुकानदारानं पट्ट्या काढल्या. बोटभर लांबीच्या, हिरव्या, काळे चौकोन चिकटवलेल्या. बाईंनी त्याला त्या आधी त्याच्याच मशीनमध्ये बसवून मोजून दाखवायला सांगितलं, तेही चोख उर्दूत. म्हातारा चष्मा काढून बघत राहिला.

"आपा, ये उर्दू कहाँ सीखे आप?"

"स्कूल में. परभणी ज़िला."

"परभणी तो पहले अपनाच था."

"अब भी वहींच है. कहीं गया नहीं. आप गिनती चालू करो."

त्यानं मशीन चालू केलं. पडद्यावर मेमरीचा आकडा चढत गेला. बाईंनी तीनदा मोजायला लावलं. मग पैसे दिले, स्वतःचे, आणि स्वतःच्या नावानं पावती घेतली. चंदेरी पिशवीतल्या त्या दोन पट्ट्या त्यांनी भाकरीच्या डब्यात ठेवल्या. भाकऱ्या आम्ही दुकानासमोरच्या पायरीवर बसून आधीच खाल्ल्या होत्या. परत येताना बाई खिडकीशी बसून होत्या, डबा मांडीवर. मी म्हटलं, "बाई, विमान उडालं की पहिल्यांदा तुम्हीच चालवा."

"मी कशाला चालवू? मला ते चाललेलं बघायचंय."

मला तेव्हा हे उत्तर तुटक वाटलं. पण त्यात तसं काही नव्हतं. बाईंना खेळात रस नव्हता. मशीन एक गोष्ट नाही म्हणत होतं, आणि त्या नाहीचं कारण काय, तेवढंच त्यांना हवं होतं.

पट्ट्या बसवल्यावर मशीननं आधी तक्रार केली, की मेमरी पूर्वीइतकी राहिलेली नाही. ठरावीक बटण दाबून निळ्या पडद्यावरच्या तक्त्यात नवा आकडा मान्य करून घ्यावा लागला. मग विमान उठलं, पण अडखळत. धावपट्टी उड्या मारत पुढं येई, वळण घेतलं की चित्र थांबे. बाईंनी खेळाच्या तक्त्यात जाऊन ढग काढून टाकले, आवाज बंद केला, जमिनीवरची झाडं-घरं कमी केली. तरी अडखळणं पुरतं जाईना. दोन दिवस असेच गेले. बाई तोंडातल्या तोंडात उर्दू आकडे म्हणत होत्या.

तिसऱ्या दिवशी त्यांचं लक्ष मशीनच्या पुढच्या बाजूला चिकटवलेल्या कागदाकडं गेलं. "हात लावू नये", असं मुख्याध्यापिकांच्या अक्षरात लिहिलं होतं. बाईंनी तो कागद नखानं सोलून काढला. खाली एक बटण होतं. वेग वाढवायचं. मशीन आलं तेव्हापासून ते दाबलेलंच नव्हतं. आमचं मशीन दोन वर्षं अर्ध्या वेगानं चालत होतं. बाईंनी बटण दाबलं आणि विमान डोंगरावरून अलगद, न थांबता वळलं. मी टाळ्या वाजवल्या. बाईंनी घड्याळात बघून वेळ लिहिली, मशीन बंद केलं आणि खोलीला कुलूप घातलं.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर अध्यक्ष, पुतण्या, मुख्याध्यापिका आणि आम्ही सगळे शिक्षक त्या खोलीत जमलो. पुतण्या खुर्चीवर बसला. विमान उडालं. त्यानं दहा मिनिटं ते फिरवलं, खाली आणलं, पुन्हा उठवलं. पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "काका, हे पुण्यातल्या मशीनवर एवढं सरळ चालत नव्हतं." मग अध्यक्ष स्वतः बसले. तीनदा डोंगरावर आपटले आणि तिन्ही वेळा मनापासून हसले.

उठताना म्हणाले, "बाई, कमाल केली तुमी. एवढं चांगलं मशीन हाय हे मला मालूमच नव्हतं. आता पेढीवरच नेतो. पावन्यांना दाखवायला येईल."

बाईंनी वही उघडली.

"तुमी म्हणला व्हता, उडालं तर इथं ऱ्हाईल," बाई म्हणाल्या.

"म्हणलो व्हतो. पन तवा काय ठाऊक, असलं उडंल."

"सबब?"

अध्यक्षांनी बाईंकडं बघितलं, मग मुख्याध्यापिकांकडं. मुख्याध्यापिकांनी मान खाली घातली. मशीन संस्थेचं होतं आणि संस्था म्हणजे अध्यक्ष.

"उद्या माणसं पाठवतो," ते म्हणाले.

माणसं यायच्या आधी बाईंनी पेचकसानं मशीन उघडलं. नव्या दोन पट्ट्या काढल्या. यादीतल्या अकरा ओळी होत्या तशा केल्या, वेगाचं बटण पूर्वीसारखं सोडून दिलं. "जसं आलं व्हतं तसं जाऊ द्या," एवढंच म्हणाल्या. हातगाड्यावर मशीन गेलं. नववीच्या मुली व्हरांड्यात उभ्या होत्या. बाईंनी त्यांना वर्गात पाठवलं आणि त्या दिवशीचा तास नेहमीसारखा घेतला.

संध्याकाळी मी त्या खोलीत डोकावले. टेबल रिकामं होतं. बाई त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या, वही उघडी. डिसेंबरात लिहून घेतलेली ती अट समोर होती.

"हिसाब बरोबर हाय ना गं?" त्यांनी विचारलं. "उडालं तर ऱ्हाईल. उडालं."

"बरोबर आहे, बाई."

"मग मी काय चुकले?"

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी वही मिटली. पातळाच्या पदरानं चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिल्या. बाईंना मी तेवढंच एकदा तसं पाहिलं.

पेढीवर विमान उडालं नाही, हे गावाला पंधरा दिवसांत कळलं. अध्यक्षांनी बाहेरगावचे व्यापारी जमवले होते. पुतण्यानं खेळ लावला आणि पडद्यावर तीच ओळ आली, मेमरी पुरेशी नाही. मुनीम मशीनच्या जवळ फिरकत नव्हता. पत्रं पूर्वीसारखी हातानंच लिहिली जात होती.

बाईंनी पट्ट्या काढून घेतल्याचं कानावर आल्यावर मार्चमध्ये अध्यक्ष त्यांच्या घरी गेले. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा द्यायला गेले होते, म्हणून तिथं होते. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाई, त्या पट्ट्या द्या. जे काय पैसे असतील ते घ्या."

"पट्ट्या विकायच्या न्हाईत."

"मग काय करणार त्यांचं? घरात ठेवून काय उपेग?"

"काहीच न्हाई. तुमच्या मशीनचा तरी काय उपेग व्हायलाय?"

अध्यक्ष हसले. ते चिडले नाहीत, हे सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. शब्द दिला की तो पाळायचा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. शाळेतल्या बाईला दिलेला शब्दही त्यात येतो, हे कदाचित त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"मशीन शाळेत आणा," बाई म्हणाल्या. "पट्ट्या मी फुकट देते."

पाणी पिऊन ते उठले. होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

एप्रिलमध्ये, परीक्षा संपायच्या दिवशी, कापसाच्या बारदान्यात गुंडाळलेलं मशीन हातगाड्यावरून परत आलं. सोबत मुनिमानं लिहिलेली चिठ्ठी होती. मशीन शाळेस दिले आहे, खाली अध्यक्षांची सही. दुसरं काही नाही. बाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि मला म्हणाल्या, "मोठ्या बाईंकडून डेडस्टॉकचं रजिस्टर आण."

डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंची नोंदवही. बाकं, फळे, घंटा, सगळं त्यात असतं. मशीन दोन वर्षं शाळेत होतं, पण त्यात चढलेलं नव्हतं. मुख्याध्यापिका स्वतःच रजिस्टर घेऊन आल्या. तोवर बाईंनी पट्ट्या बसवल्या होत्या, निळ्या पडद्यावरचा आकडा मान्य करून घेतला होता. मग त्यांनी दौत-टाक मागवला आणि स्वतःच्या हातानं दोन नोंदी केल्या. कॉम्प्युटर मशीन, नग एक, शाळेस भेट. मेमरीच्या पट्ट्या, नग दोन, शाळेस भेट. मुनिमाची चिठ्ठी पानाला चिकटवली.

मुख्याध्यापिकांनी सही केली. "शिक्का उद्या मारू, बाई. शाई वाळली त्याची."

"आज मारा."

"दुकानातून आणावी लागंल."

"आणू द्या. मी बसते."

शिपाई सायकलवर बाजारात गेला. शाळा सुटली, मुली गेल्या, व्हरांड्यातला शेवटचा दरवाजा लागला. बाई रजिस्टर मांडीवर उघडं धरून बसून होत्या. मुख्याध्यापिका दोनदा घड्याळाकडं बघून गेल्या. सहाच्या सुमारास शिपाई बाटली घेऊन आला. शिक्का दोन्ही नोंदींवर पडला. बाईंनी ते पान खिडकीपाशी नेऊन उजेडात वाचलं, शाईवर फुंकर घातली, रजिस्टर मिटून मुख्याध्यापिकांच्या हातात दिलं, आणि बाहेर येऊन चपला पायात घातल्या.